तीन हजारांच्या आसपास

गाडी पंच्याऐंशीची कोरोला, इंजिन तिचं नव्हे.
टर्बो कुठल्याशा भंगारातल्या व्हॅनचा,
इंजेक्टर एकीचे, कॉइल दुसरीची,
वायरिंग मात्र एलिएसेरचं स्वतःचं,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
बायकोला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागं ठेवून केलेलं.
आरेसिबोहून निघालो तेव्हा ठीक होती, म्हणाला.
डोंगराचा चढ लागला आणि ठेच लागली.

ठेच. हाच शब्द.
बंद पडत नाही, धूर नाही, वास नाही.
तीन हजार फेऱ्यांच्या आसपास एक पाऊल चुकतं,
जिना संपल्यावरही आणखी एक पायरी आहे
असं समजून टाकलेल्या पावलासारखं,
मग सावरते आणि पुढे जाते,
जसं काही कुणी पाहिलंच नाही.

"सेन्सर गेलाय, मिग्दालिया."
कुठला?
"सगळेच."
क्रँकचा त्यानं बदलला होता, दोनदा.
हवेच्या दाबाचा बदलला.
पाण्याच्या तापमानाचाही,
जो बिचारा उकळीच्या बातमीपलीकडे कशात नसतो.
आजार रेड्याला, औषध पखालीला.
मागच्या सीटवर रिकामी खोकी होती, चारशे डॉलरची.

मी लॅपटॉप जोडला.
क्रँकच्या चाकाला पस्तीस दात असतात,
छत्तिसावा मुद्दाम पाडलेला.
त्या बोळक्या फटीवरून कॉम्प्युटर ओळखतो
फेरी कुठे सुरू झाली.
आणि माझ्या आलेखात, मधूनच, क्षणभर,
त्या फटीत दात उगवत होता.

सेन्सर असं करत नाही.
सेन्सर जे दिसतं ते सांगतो,
वाटेत कुणीतरी त्याच्या तोंडी आपलं घालतं.
कोण, ते सापडेना.
अर्थिंग मोजलं: चोख.
पेट्रोलचा दाब: चोख.
नळ्यांत धूर सोडला, कुठूनही आला नाही.
वायरी हलवल्या, ओढल्या, शिव्या दिल्या.
एलिएसेर स्टूलवर बसून नखं खात होता,
आणि मी तिसऱ्यांदा तेच तपासत होते,
जे लोकांना करू नका म्हणून सांगते.

सात वीसला लाइट गेली.
गल्लीभर एकच उसासा, मग दोन्या इराइदाचा जनरेटर,
मग कोकी बेडूक, जे लाइट असतानाही ओरडतातच.
इंजिन चालू होतं. ते आमच्या लाइटीवर नव्हतं.
टॉर्च शोधायला वळले,
आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी निळं.

"एलिएसेर, झटका दे."
दिला.
तिसऱ्या प्लगच्या वायरीतून
केसाएवढा निळा धागा
टिक्
सेन्सरच्या केबलवर उडाला.
"पुन्हा."
टिक्.
ट्यूबच्या उजेडात मी तास दीड तास
याच जागेकडे पाहत होते.

दोन्ही वायरी हातभर शेजारी-शेजारी,
समान अंतरावर काळे टाय, टोकं कापून गुळगुळीत केलेले.
अख्ख्या गाडीत इतकं नीट काम दुसरीकडे नव्हतं.
तो वाकून बघत राहिला.
"हेच मी सगळ्यात शेवटी केलं," म्हणाला,
"छान दिसावं म्हणून."
मी काही बोलले नाही. छान दिसत होतंच.

टॉर्च दातांत धरून टाय कापले,
सेन्सरची केबल पार पलीकडून नेली,
भेगाळलेल्या वायरीवर रबरी नळीचा तुकडा चढवला,
नवी उद्या मानातीहून आणायची.
चढावर घेऊन गेलो.
रस्त्यावर आमचे तेवढे दिवे.
दोन हजार. अडीच. तीन.
माझा पाय ठेचेची वाट बघत राहिला.
साडेतीन.
त्यानं श्वास सोडला, मी अजून नाही,
खाली उतरेपर्यंत नाही.

पावती मेणबत्तीवर लिहिली.
टाय कापले: चार.
नळी: अर्धा हात.
तपासणी: इथे पेन थांबलं.
अंधाराचे पैसे कसे लावायचे?
तो तर वीज कंपनीनं पाठवला होता,
आणि बिल त्यांचंही येईलच.